अप्पाच्या रक्तात काय निघालं

३ मार्च
कॉलेज सोडलं ते बरंच केलं! सरांना तोंडावर सुनावलं — तुमच्या नोट्स तुमच्यापेक्षा म्हाताऱ्या आहेत. वर्ग हसला. सुकन्या तेवढी हसली नाही. आज परत तिला मेसेज टाकला. ब्लू टिक. उत्तर नाही.

अप्पाचा रिपोर्ट आला. टीबी, आणि एचआयव्ही. आयुष्यभर ट्रक चालवून हे कमावलं! आई रडलीसुद्धा नाही. ही दोघं नवरा-बायको आहेत की एसटीतले शेजारी?

७ मार्च
टीबीचं औषध आधी, एचआयव्हीच्या गोळ्या नंतर. पण रक्त आजच घेतलं. कधीच गोळी न घेतलेल्यांमध्ये विषाणूच्या किती तऱ्हा आहेत, त्याचा अभ्यास चाललाय. डॉक्टरीणबाई मला शेंबड्या पोरासारखं समजावत होत्या. अहो, दीड वर्ष मायक्रोबायोलॉजी केलीय! विषाणू स्वतःची नक्कल करताना चुकतो. औषध कमी पडलं की चुकलेलेच उरतात, आणि माजतात.
"कधी गोळी घेतलीय?" त्यांनी अप्पाला विचारलं.
"न्हाय." अप्पा खाली बघत होता.

१२ मार्च
अप्पाच्या कपातला चहा घेतला — कडूजहर! आईनं कप हिसकावला. "त्यांचा हाय त्यो." कपानं एचआयव्ही होत नाही, हे हिला कोण सांगणार! दर महिन्याला बार्शीला बहिणीकडे चकाट्या पिटायला मात्र वेळ असतो.

१३ मार्च
सुकन्या ऑनलाइन. माझ्यासाठी नाही. प्रेम करावं तर माझ्यासारखं, ओरडून! ह्या दोघांसारखं मुकं काय कामाचं?

२ एप्रिल
दोन औषधांना अप्पाचा विषाणू दाद देत नाही. "एक तर यांनी आधी अर्धंमुर्धं औषध घेतलंय, नाहीतर ज्या माणसाकडून आलं त्याच्यातच असा विषाणू होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
मला कळलंच! घरी येऊन अप्पावर ओरडलो — कोण ती बाई? कुठल्या ढाब्यावरची?
आई भाकरी थापत होती. "वरडू नगं. मीच देत हुते."
वर्षापूर्वी बार्शीत तिला एचआयव्ही निघाला. बहीण कसली, गोळ्या आणायला जायची! अप्पाला तपासायला चल म्हणाली, तर तो म्हणे, "ट्रकवरनं उतरवत्याल. भावकी दारात उभं करायची न्हाय." मग ही रोज आपली गोळी मोडायची. अर्धी स्वतःला. अर्धी त्याच्या चहात, न सांगता.
खुळी! अर्ध्यानं दोघांचंही वाटोळं केलंस — तोंडावर बोललो.
"तुला इचारलं असतं की. तू घरात कवा असतूस?"

४ एप्रिल
आईचंही रक्त घेतलं. सुकन्याला मेसेज नाही टाकला.

२९ एप्रिल
आईच्यातही तेच. दोघांना नव्या गोळ्या. ह्या चालतील, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. पण आख्ख्या. रोज.

३० एप्रिल
सवयीनं आईनं गोळी मोडायला घेतली. अप्पांनी तिचा हात धरला. माझ्यासमोर! नावानं हाक मारली तिला!
"आख्खी खा, फुले. आन् च्यात साखर घाल आता. वरीसभर कडू पितूय मी, तू दिला म्हणून."