सकाळचा बर्फ

भिंगरी,

बर्फाचे ट्रे आज पहाटे रिकामे दिसले. तू संध्याकाळी धावून आलीस की लागतात म्हणून ते रात्री मीच भरले होते. बाथरूममध्ये गार, ओला टॉवेल होता आणि तू धावायला गेली होतीस. म्हणजे आधी पोटरी बधिर करायची आणि मग आजोबांसमोर ताठ चालायचं, असं चाललंय तर.

बर्फाने नुसता ठणका कळेनासा होतो. आतली डागडुजी पोटरी स्वतःच करते, तिला त्यासाठी विश्रांती लागते. हे तुला मीच शिकवलं. त्यातलं अर्धंच तू उचललंस, तेही मला फसवायला.

परवा मी तुझ्या सरांना छातीठोकपणे सांगितलं, "पोरीचा पाय ठणठणीत आहे, खुशाल उतरवा शर्यतीत." तू शेजारी उभी राहून हसत होतीस. ते हसू माझ्या जिव्हारी लागलंय.

मी सरांच्या घरी चाललोय. माझा शब्द मलाच मागे घ्यावा लागणार. शर्यतीतून तुझं नाव जाईल. रुसायचं तर रूस.

दूध झाकून ठेवलंय. ट्रे भरलेले नाहीत. मी परत आलो की दार तू उघड. लंगडत आलीस तरी चालेल, पण खरी कशी चालतेस ते मला एकदा बघू दे.

आजोबा