मीराला विचारलेला शब्द

रविवार, दिवेलागणीनंतर

आज मीराला बघायला नांदूरघाटचे पाहुणे आले होते. मुलगा पोहे खात होता. बोलत होते ते त्याचे मामा, अडकित्त्यानं सुपारी कातरत. पोरगी इंग्रजीत एम.ए. आहे कळल्यावर म्हणाले, "मग 'टेक'चा अर्थ सांग बरं."

"कोणता, मामा? लई अर्थ हायेत," म्हणत मीरा खुलली. औषध घेणं, वेळ लागणं, फोटो काढणं, परीक्षा देणं. शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच; उत्तरेकडून जहाजांतून लुटायला आलेल्यांचा. फार पूर्वी त्याचा अर्थ नुसता हात लावणं. मग धरणं. मग घेणं. माझी पोर इतकं सुंदर बोलते, मला ठाऊकच नव्हतं.

अडकित्ता थांबला. "बरं, आता ह्या उष्ट्या बशा घे. एवढा एक अर्थ आला तरी आमच्या घरात लई झालं!"

सगळे हसले. मीही हसलो. कशापायी हसलो? तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि बशा उचलल्या. अडकित्ता पुन्हा सुरू.

संध्याकाळी मामांचा फोन. "पोरगी पसंत हाय, पाव्हणं. जिभेला वळण आमी लावू." मी फोनवरच हात जोडले. उपकार झाले म्हणालो. देवापुढं साखर ठेवली; हिनं ती शेजारीपाजारी वाटूनसुद्धा टाकली.

मग ध्यानात आलं, मीराला कुणी विचारलंच नाही. आता विचारून तरी काय?