पहिला हंबरडा

मिकुनी, जपान
१२ ऑक्टोबर १९०३

ती. ओनोराताईस कोर्मॅकचा सा. न. वि. वि.

जपानवरचं माझं पुस्तक लंडनला छापून झालं. प्रकाशक तुला प्रत पाठवतील. स्वतः वाच, शेजारणीकडून वाचून घेतलंस तर निम्मी पानं ती गाळेल.

आमच्या छोट्या मिनेच्या अंत्यविधीवर एक प्रकरण आहे. पोर गेली त्या दिवशी घरात कुणीच रडलं नाही. शिगे, तिची आई असून, आल्यागेल्याला चहा देत होती. मला आपली आजी गेली तो दिवस आठवला. तिला अंघोळ घालून होईतो आपण ओठ दाबून उभे होतो. थोरल्या मावशीनं हंबरडा फोडला, तेव्हा कुठं आपल्याला रडायची मुभा मिळाली. इथंही तीच रीत, हे मी ओळखलं आणि तसंच लिहिलं: बेटं दोन, काळीज एक. मास्तरांनी पाठ करून घेतलेल्या कविता माणसाला असं बघायला शिकवतात बघ! घरात थोरल्या सासूबाई, त्या हंबरडा केव्हा फोडतात म्हणून मी तीन दिवस थांबलो होतो.

शिगे वसंतात माहेरी गेली, ती अजून तिकडेच आहे. दमली असेल.

मायेला अंतर देऊ नकोस.
तुझा कोर्मॅक

मेयो, आयर्लंड
३ डिसेंबर १९०३

चि. कोर्मॅक यास अनेक आशीर्वाद.

पुस्तक वाचलं, एकटीनं. भाषा गोड आहे, फळ्यापुढं उभा राहून कविता म्हणायचास तशी. पण बाबा, यात जपान कुठं आहे? मला तर पानोपानी आपलंच गाव दिसलं; नुसते कपडे बदललेले.

आणि सासूबाईंनी हंबरडा फोडला का, ते लिहिलंच नाहीस. नसेल फोडला, तर तूही रडला नाहीस? आपल्याकडे मेलेल्यासाठी कसे छाती पिटून रडतात, ते तू शिगेला रंगवून सांगायचास. लग्नानंतर तूच कळवलं होतंस. मग तिला काय वाटलं असेल, गाढवा? सहा-सहा महिने माहेरी राहणारी बाई दमलेली नसते. जा, विचार तिला.

रागावले तरी तुझीच,
ओनोरा

मिकुनी
२५ जानेवारी १९०४

ती. ताईस सा. न.

गेलो होतो. शिगेनं मला पाहुण्याची गादी घातली. इंग्रजी शिकलेल्या तिच्या भावानं पुस्तकातलं ते प्रकरण तिला वाचून दाखवलं होतं.

म्हणाली, दुसऱ्याच्या घरावर आपलं दुःख लादू नये म्हणून आमच्यात चारचौघांत रडत नाहीत. पण तुमच्यात रडतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत. मी तुमची वाट पाहत होते. तुम्ही रडला असतात, तर तुमच्या आडून मलाही रडता आलं असतं. तुम्ही कोरडे बसलात, तेव्हा वाटलं, पोर यांच्या रक्तातली असून यांना परकीच होती.

मी सगळं समजावून सांगितलं, ताई. मावशी, आजी, आपली रीत. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, आता खरं वाटतं, पण उशीर झाला. ती परत येणार नाही. एकच मागणं मागितलं: मिनेचं नाव त्या पुस्तकात नको.

दुसऱ्या आवृत्तीची तयारी चालली आहे. प्रकरण लोकांना फार आवडलंय म्हणे. काल प्रकाशकाला पत्र लिहून नाव काढायला सांगितलं. आता तिथं नुसतं 'एक मुलगी' असं छापतील.

आठवण ठेव, एवढंच मागतो.
कोर्मॅक