मोरीकडची जागा

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

भांडुपची खोली पाडणार. एकदाची नोटीस लागली! लवूकाकांच्या नितेशचा फोन आला तो उत्साहात. "सुलाताई, चोवीस तारखेला सगळे जमूया. जमिनीवर खडूने आखायचं, कोण कुठे झोपायचं ते. मग ज्याने त्याने आपल्या जागेवर बसून जेवायचं. झकास ना?" आखायचं काम माझ्याकडे. का, तर सगळं मलाच आठवतं म्हणे.

मुलुंडच्या या फ्लॅटमध्ये मी एकटी तीन खोल्यांत झोपते. तिथे दहा बाय पंधराच्या खोलीत आम्ही तेराजण होतो. नितेश तेरा म्हणाला. मी ऐकून घेतलं.

१२ नोव्हेंबर

कागदावर आखून पाहिलं. आजी खाटेवर. खाटेखाली काकू आणि दोन लहानगे. आईबाबा पोटमाळ्यावर. दारापाशी लवूकाका — गिरणीतून पाळी करून कधीही यायचे, म्हणून दार त्यांचं. मधल्या ओळीत आम्ही सहा पोरं. शेवटची मी, मोरीकडे. पण माझ्या आणि मोरीच्या मध्ये एक चटई उरतेच.

तिथे वनूआत्या झोपायची. वनमाला, काकांची आणि बाबांची धाकटी बहीण. मोरीचं पाणी अंगावर येऊ नये म्हणून मला आत घ्यायची आणि स्वतः ओलीत निजायची. तिचा हात माझ्या पाठीवर.

ती गेली त्या दिवशी अंथरुणं घालताना सगळे एकेक वीत सरकले. चटई दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी काकांनी सांगितलं, ह्या घरात तिचं नाव काढायचं नाही. आणि कुणी काढलंही नाही, सेहेचाळीस वर्षं! कमाल आहे आमची.

१३ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय.

तिला घालवली मी.

कारखान्यातली नोकरी सोडली तर लग्नाची मुलगी एकटी बाहेर जायची नाही, सोबत एखादं पोर हवंच. आत्या दर रविवारी टेलरकडे जायची, सोबत मी. टेलर कसला! नाहूरला झाडाखाली इसिडोर सायकल घेऊन उभा असायचा. तिच्याच कारखान्यात होता, घर मरोळच्या गावठाणात. मला लिमलेटच्या गोळ्या द्यायचा. ती दोघं बोलायची, मी सायकलची घंटी वाजवत बसायचे.

एका रविवारी परत आलो तर काका दारात. आत्या पाणी भरायला गेली. काकांनी मला विचारलं, "महिनो झालो, ब्लाऊज खंय?" मी आठ वर्षांची. म्हटलं, "टेलर नाहीच आहे. इसिडोर आहे."

काकांनी तिला मारलं नाही. एवढंच म्हणाले, "तो नायतर आमी." चार दिवसांनी ती त्याच्याकडे निघून गेली. मला वाटायचं, मी गोळी चोखत बसले असते तर ती राहिली असती. अजून वाटतं. आजी जाईपर्यंत दाराकडे बघत असायची, तेव्हा तर मला तिच्याजवळ बसवायचं नाही.

१४ नोव्हेंबर

कागदावर चौदावी चटई आखली. खोडली. परत आखली.

१८ नोव्हेंबर

नितेशला विचारलं, आत्याचा नंबर मिळेल का कुठून. तर त्याच्याकडेच होता! दर नाताळाला मेसेज करतो म्हणे. "पप्पांना बोलू नको हां." म्हणजे सगळेच चोरून, आणि आपल्याच माणसांपासून.

फोन केला. आवाज तोच, फक्त थोडा घोगरा. इसिडोर चार वर्षांपूर्वी गेला. चोवीस तारखेचं सांगितलं, ये म्हटलं. मी रडले आणि सांगून टाकलं — आत्या, मी सांगितलं होतं काकांना. ती म्हणाली, "कुकर लावलाय गं, ठेवते." ठेवलाच फोन.

वाट लागली माझी.

२४ नोव्हेंबर, रविवार

आखलं. चौदा. मोरीकडची रेघ वाकडीच आली.

काका ब्याऐंशीचे. काठी टेकत प्रत्येक नाव वाचत गेले. मोरीपाशी थांबले. मी म्हटलं, "काका, ही जागा होती. मला माहीत आहे, मी शेजारी झोपायचे." ते दारापाशी आपल्या जागेवर जाऊन बसले.

वाढायला घेतलं, तेवढ्यात ती आली. जरीची साडी, गळ्यात बारीक क्रूस, हातात केकचा डबा. आत यायचं तर काकांना ओलांडूनच. ती उंबऱ्यातच उभी. भाजीचा डाव हातात धरून मी तशीच.

काका वर न बघता म्हणाले, "शिवून झालो काय गो तुझो ब्लाऊज?"

आत्या हसली नाही. "कापड तसंच आहे, दादा."

काकांनी पाय आखडून घेतले. ती आत आली आणि सरळ मोरीकडे जाऊन बसली. काका भिंतीकडे तोंड करून किती वेळ नाक पुसत होते. पोरं सेल्फी काढत होती. आमटी खारट झाली होती, तरी सगळी संपली.

जेवताना तिचा डावा हात माझ्या पाठीवर होता.

२५ नोव्हेंबर

सकाळी आत्याचा फोन. "त्या दिवशी बोलवेना, म्हणून ठेवला. सुले, घरात आठ पोरं होती. पोटात काही न राहणारी तू एकटीच. दादाला सांगायची माझी छाती नव्हती गं — म्हणून तर दर रविवारी तुलाच न्यायचे. महिनाभर वाट बघितली, कधी सांगतेस याची."