पहिल्या डावाचा मानकरी

२० जून, शनिवार
शाळेच्या बेसबॉल संघात आज पाठीवरचे नंबर वाटले. आमच्या नातवाला, इबुकीला, दहा नंबर. दहा! एक नंबर गेला त्या सेइकेला. म्हणजे सेइके पहिल्या डावापासून चेंडू टाकणार, आणि तो दमला की नऊपैकी सातव्या डावात आमचा हिरा डबीतून बाहेर काढणार. ज्याचा चेंडू ताशी एकशे पंचेचाळीस किलोमीटरने जातो त्याने सहा डाव बाकावर बसायचं! सेइके चेंडू टाकत नाही, घरपोच करतो. मी अडतीस वर्षं टपाल वाटलं, पण इतक्या सावकाश नाही.
इबुकीचा हा शाळेतला शेवटचा उन्हाळा. स्पर्धेत एकदा हरलं की खेळ खलास. आता नाही तर कधीच नाही. प्रकरण मी स्वतः हातात घेत आहे.
तोमिए त्याच्या शर्टावर दहा शिवत होती. म्हटलं, कच्चे टाके घाल, आठवड्यात बदलायचाय. आमच्या सौभाग्यवतींनी मान वर न करता दोरा दुहेरी केला.

२२ जून, सोमवार, संध्याकाळ
प्रशिक्षक ह्योदोंना मैदानावर गाठलं. चुन्याच्या रेघा मारत होते. दीड तास समजावलं. म्हटलं, कविता म्हणायला उठलेला मुलगा शेवटच्या कडव्यापासून सुरुवात करतो का? आठवीत असताना मी शाळेच्या समारंभात समुद्रावरची कविता म्हटली होती. काय ते दिवस! पहिलं कडवं असं म्हटलं की मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. पुढची कडवी आठवली नाहीत, तो भाग वेगळा. पण वातावरण पहिल्यानेच तयार होतं.
ह्योदो म्हणाले, निनोमियासान, तीन डाव दिले तर पोराला कोणी हात लावत नाही. सहा दिले की विचार करत बसतो. तुमच्यावर गेलाय.
म्हणजे मुद्दा पटला आहे. कबूल करणं जड जातंय, इतकंच. निघताना माझा पाय रेघेवर पडला, ती त्यांना परत मारावी लागली. नाइलाज.

२३ जून, पहाटे पाच
आजपासून रोज पहाटे इबुकीकडून शंभर चेंडू टाकून घेणार.

तोच दिवस, साडेनऊ
जरा आडवा झालो होतो. तो कधीच शाळेत गेला. उद्यापासून नक्की.

२८ जून, रविवार
हवा दमट. पहाटेचा कार्यक्रम तूर्त स्थगित.
जेवताना इबुकीलाच विचारलं. तोंडात भात. म्हणाला, आजोबा, मला सातव्यातच बरं वाटतं, तोवर समोरच्यांची खोड कळलेली असते. केवढा हा विनय! मी कडाडलो, माझा नातू म्हणजे काय जेवणाच्या शेवटी वाढायचं लोणचं आहे? तोमिए म्हणाली, लोणचं आल्याशिवाय तुम्ही तरी कुठे उठता? इबुकीला हसता हसता ठसका लागला. घरातच फितुरी आहे.

५ जुलै, रविवार
ह्योदोंना एकतीस हायकूंचं पत्र धाडलं. त्यातला सर्वांत धारदार:

उगवतो का
सूर्य कधी दुपारी?
उत्तर द्यावे.

९ जुलै, गुरुवार
उत्तर आलं. पोस्टकार्ड. ऊन फार आहे, सामन्याला टोपी घालून या. एवढंच.
ठीक आहे. शपथ घेतली. सेइकेचे डाव चालू असताना मी स्टेडियमात पाय ठेवणार नाही. घरी टीव्हीही लावणार नाही. ते सहा डाव माझ्या लेखी झालेलेच नाहीत. जाईन तो थेट सातव्याला. तोमिए म्हणाली, बरं झालं, पिशवी ठेवायला जागा होईल. थोर निर्धारांना घरात अशीच दाद मिळते.

१३ जुलै, सोमवार
पहिली फेरी जिंकलो. सातव्याला पोचलो. इबुकीसमोर तीन डावांत नऊ फलंदाज आले, डावाला तीन असे नऊच्या नऊ बाद. पहिल्यापासून असता तर सत्तावीस. हिशेब सरळ आहे.

१७ जुलै, शुक्रवार
दुसरी फेरी. पुन्हा नऊ. ह्योदोंनी लांबून मान हलवली. माणूस विरघळतोय. माझ्या बहिष्काराचा परिणाम.

२१ जुलै, मंगळवार, सकाळी आठ
तिसरी फेरी, नऊ वाजता. तोमिए दारात बूट चढवताना म्हणाली, अहो ऐका, सेइकेच्या बोटाला... त्याचं नाव कानावर पडताच मी हात वर करून थांबवलं. शपथ म्हणजे शपथ. ती म्हणाली, अहो, पण इबुकी... मी कानात बोटं घातली. ती म्हणाली, मग बसा तसेच. दार जरा जोरात लागलं.
दहाच्या बसने निघेन.

तोच दिवस, दुपार
बसमधून उतरलो तर सामना संपल्याचा भोंगा वाजत होता. लोक बाहेर पडत होते. एकाला अडवून म्हटलं, अहो, अजून सातवा व्हायचाय. तो म्हणाला, सातवा कुठला, आजोबा? पाचव्यातच अकरा-शून्य. पाच डावांनंतर दहाचा फरक असला की तिथेच आटोपतात, हे मलाही माहीत आहे.
विचारलं, शून्य आमचं? सेइकेने इतका मार खाल्ला? तो म्हणाला, सेइकेच्या बोटाला फोड आलाय, तो बाकावर होता. पहिल्यापासून दहा नंबरवाला टाकत होता.
टोपी घातली आणि पुढच्या बसने परत आलो.

२२ जुलै, बुधवार
तोमिए आज म्हणाली, पहिला चेंडू टाकायच्या आधी त्याने आमच्या बाकांकडे पाहिलं. दोनदा. म्हटलं, डोळ्यांवर ऊन आलं असेल. ती उठून आत गेली.
हायकू करायला बसलो. एक ओळ झाली. खोडली.
आणि तरीही निर्णय बरोबरच होता. चुकलं ते फक्त वेळेचं.
संध्याकाळी इबुकी अंगणात बूट धूत होता. मी शेजारी जाऊन बसलो. त्याने मान खाली ठेवूनच विचारलं, आजोबा, पहिल्या डावात कसा टाकत होतो मी?
मी म्हणालो, उत्तम.
तो म्हणाला, पहिल्याच डावात सहा धावा दिल्या.
मी म्हणालो, त्या सहा वगळून.
त्याने नळ मोठा केला.