गिरीशचा अँकर आणि आमची विहीर

३ सप्टेंबर १९९५
ही मराठी अक्षरं घरात माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत, सगळे तमिळ नाहीतर इंग्लिश शिकलेले. म्हणून खरं तेच लिहिते. नातू गिरीश पेनांगला एका चिनी शेटच्या यॉटवर नोकरीला लागला. यॉट म्हणजे श्रीमंतांची हौसेची नाव. फोटो आला. त्यात अँकर आहे, नाव जागेवर धरून ठेवायचा नांगर. बघते तर काय, आमची पाताळकरंडी. विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा आकड्यांचा गळ. चाळीस वर्षं गल्लीतल्या बादल्या मीच काढल्या. म्हणजे हे काम घराण्यातलंच.

११ सप्टेंबर
गिरीशचा फोन. तीस तारखेला परीक्षा. बंदरात नावांची खेटाखेट, त्यात यॉट एकट्यानं नांगरायची. सकाळपर्यंत हलली नाही तर नोकरी परमनंट, हलली तर पुढच्या विमानानं घरी. सून नंदिता रडायला लागली. मी म्हटलं, रडतेस कशाला, मी आहे ना.

१२ सप्टेंबर
शेजारचे रघोजी नागपट्टणच्या बंदरात गुमास्ते होते. म्हणाले, वहिनी, पाणी जितकं खोल त्याच्या पाचपट दोर सोडायचा, आडवा ताण बसला की आकडे चिखलात रुततात. मी म्हटलं, एवढा दोर सोडला तर नाव शेजारणीवर जाईल. गर्दीत लुगडं आवरून बसावं तसा दोर आवरावा. तर म्हणतात, वहिनी, बोट म्हणजे बादली नव्हे. वह्या लिहिणारा माणूस, त्याला काय कळतं.

१८ सप्टेंबर, सकाळी
प्रयोग केला. पाताळकरंडी विहिरीत सोडली, दोर सरळ, खोलीइतकाच. ओढली की लगेच वर येते. नऊदा केलं. आमच्या विहिरीचा चिखल बरा नाही.

१९ सप्टेंबर
दोर हातातून सुटला. पाताळकरंडी तळाशी. नंदितानं विचारलं तर सांगितलं, धुवायला ठेवली आहे. पण आता तळाशी पक्की बसली आहे, जराही हलत नाही. प्रयोग यशस्वी.

२४ सप्टेंबर
गिरीशला फोनवर नियम सांगितला, दोर खोलीइतकाच. त्यानं दोनदा विचारलं, खोलीइतकाच? भारावला असेल.

१ ऑक्टोबर
गिरीशचा फोन. यॉट हलली नाही. शेजारच्या दोन सरकल्या, आमची नाही. मी विचारलं, माझा नियम पाळलास ना. म्हणाला, आज्जी, बरोबर उलट केलं, पाचपट सोडला. आता मी सांगितलंच नसतं तर उलट कशाच्या करायचं हे त्याला कळलं असतं का? रघोजींना दोराचं काही बोलले नाही.

२ ऑक्टोबर
गल्लीत साखर वाटायला निघाले, नंदिता बरोबर. रघोजींनी साखर तोंडात टाकली आणि विचारलं, पोरगा घरी कधी येतो. मी नंदिताकडे बघितलं. तिनं खाली बघून सांगितलं, करार झाला, तीन वर्षं रजा नाही. तिला कालपासून ठाऊक होतं. मी म्हटलं, बरोबरच आहे, परमनंट म्हणजे परमनंट. डबा अजून अर्धा भरलेला होता, तरी तिथूनच परत फिरले. राहिलेल्या घरी उद्या जाईन.