पांढरा कुठे थांबला

बाबा, आपल्या स्नूकरच्या समालोचनातले थोरले निवृत्त झाले. यंदाच्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी खेळ संपल्यावर त्यांना कॅमेऱ्यासमोर आणलं, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचा चेहरा नीट पाहिला. टक्कल, जाड चष्मा, कोटाची कॉलर एका बाजूला वर गेलेली. हा आवाज या माणसाचा, हे मला पटेचना. तुमच्याबरोबर इतकी वर्षं ऐकलेला आवाज मी मनात एका उंच माणसाला देऊन टाकला होता. त्यांनी चार वाक्यांत आभार मानले. शेजारी त्यांचे जोडीदार, आपले धाकटे, होते, त्यांनी हात लांबवून ती कॉलर नीट केली. टीव्ही बंद केल्यावर वाटलं, हे सांगायचं तर तुम्हालाच. दुसऱ्या कोणाला सांगून समजणार नाही.

काचबिंदूने तुमची नजर गेली तेव्हा आपल्याला चंदनसार गावातल्या नव्या फ्लॅटमध्ये येऊन फार दिवस झाले नव्हते. आयुष्यभर कंपनीत यंत्रांचे नकाशे काढणारा माणूस, रेघ केसभर सरकली तरी ओळखणारा, आणि आता ताटातली भाजी कुठे आहे ते आईने हात धरून दाखवायचं. तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही बोलणंच सोडलंत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचात आणि विचारलं तर हो किंवा नको. आईने रेडिओ आणून दिला, तो तुम्ही दोन दिवसांत बाजूला सारलात. का, ते पुढे कधीतरी सांगितलंत. म्हणालात, "रेडिओवर सगळे मला समजावून सांगतात गं."

स्नूकर लागलं ते माझ्यामुळे. तुम्ही पूर्वी बघायचात, म्हणून मी सहज चॅनेल तिथे थांबवलं. स्पर्धा परदेशात, तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. आई स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत होती. पडद्यावर हिरवं टेबल, पांढऱ्या चेंडूने मारून रंगीत चेंडू पॉकेटांत पाडायचे, कोणी काही बोलत नाही, मध्येच चेंडूवर चेंडू आपटल्याचा टक् आवाज, मग खोल कुठेतरी पॉकेटच्या जाळीत पडल्याचा. बऱ्याच वेळाने थोरल्यांचा तो जिना चढून आल्यासारखा, दम घेत बोलणारा आवाज आला. इंग्रजीत एवढंच म्हणाले की, हे त्याला आवडणार नाही. पुन्हा शांतता. आणि तुम्ही खुर्चीतून पुढे झुकून विचारलंत, "पांढरा कुठे थांबला?"

कितीतरी महिन्यांत तुम्ही आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. आईचे हात मेथीतच थांबले. मी घाईघाईने म्हटलं, "काळ्याच्या मागे."

"मागे म्हणजे? कुठल्या कुशनच्या, कुठल्या कडेच्या बाजूला? किती अंतरावर?"

तिथून आपलं सुरू झालं. ते दोघे समालोचक डोळस लोकांसाठी बोलत, म्हणून जे दिसतं ते सांगतच नसत. ते सांगायचं काम माझं. मी कॉलेजातून आले की पायसुद्धा न धुता तुमच्या खुर्चीशेजारी बसायची. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला झापलंत. मी भडाभडा सांगत होते, लाल गेला, आता निळा मारतोय, आता तो काठीला खडू लावतोय, आता पाणी पितोय. तुम्ही हात वर केलात. "तू चेंडू सांगतेस, टेबल सांगत नाहीस. आणि थोरले बोलायला लागले की तू गप्प बसायचं." मला राग आला होता. मी म्हटलं, "ते बोलतात तरी कुठे?" तुम्ही म्हणालात, "तेच ऐक. केव्हा बोलत नाहीत ते ऐक. हा माणूस मला आंधळा समजून बोलत नाही."

मग मीही ऐकायला शिकले. धाकटे पूर्वी स्वतः खेळायचे, त्यामुळे कोणाचा सोपा चेंडू चुकला की त्यांच्या नाकातून एक कण्हल्यासारखा आवाज निघायचा, जणू चूक त्यांचीच. थोरले मात्र खेळाडू वाकला की श्वासही घेत नसावेत. चेंडू पडणार असला की त्यांच्या गप्प बसण्यात एक सैलपणा असायचा आणि चुकणार असला की आवळलेपणा, असं तुम्ही म्हणायचात. मला तो फरक कधीच कळला नाही. तुम्ही मात्र क्यूची काठी चेंडूला लागायच्या आधी हळूच "जाणार" म्हणायचात, आणि तो जायचा.

आणि मग ती संध्याकाळ. शेवटची फ्रेम, म्हणजे निर्णायक डाव, तुमचा आवडता खेळाडू मागे, टेबलावर एकच लाल आणि सगळे रंग. लाइट गेली. खालच्या ट्रान्सफॉर्मरचा धडाका ऐकू आला, म्हणजे लवकर येणार नव्हती. मी हळहळले. आई मेणबत्ती शोधायला उठली. आणि अंधारातून थोरल्यांचा आवाज आला, मराठीत. "लाल सरळ आहे. घाई नको." मग धाकट्यांचा, "सोपा आहे हो." आणि मग शांतता, अगदी तेवढीच लांब. मग तुम्हीच जिभेने टाळूवर टक् केलंत.

समोरच्या फ्लॅटमधले काका, मूळचे इथल्याच गावातले, आपल्याकडेही गेली का ते बघायला आले आणि दारातच उभे राहिले. आईने मेणबत्ती टेबलावर ठेवली आणि तीही बसली. तुम्ही लाल घातलात, मग काळा, तो नियमाप्रमाणे परत जागेवर आला, मग पिवळा, हिरवा. मग म्हणालात, "आता तपकिरी. तो डाव्या कुशनला चिकटलेला."  खेळाच्या सुरुवातीला मीच तसं सांगितलं होतं आणि विसरूनही गेले होते. तुमच्या डोक्यात तो चेंडू तेव्हापासून तिथेच होता. सगळं टेबल होतं, एकेक चेंडू आपापल्या जागी, आणि मेणबत्तीच्या उजेडात तुमचा चेहरा नकाशावर वाकल्यावर असायचा तसा. तपकिरी कसाबसा गेला. निळा गेला. गुलाबी गेला. काळा घातला की जिंकला. थोरले गप्प. किती वेळ गप्प. काका हळूच म्हणाले, "मारा ना आता."

टक्. आणि धाकट्यांचं ते नाकातलं कण्हणं.

"अगं बाई," आई म्हणाली.

लाइट आली तेव्हा पडद्यावर तुमचा खेळाडू चषक उंचावून उभा होता. काका चक्रावले. "कोन जिंकला मग? ह्यो तर जिंकला. तुम्ही का हरवलात त्याला?"

"मी नाही हरवलं," तुम्ही म्हणालात. "गुलाबीनंतर पांढरा काळ्याच्या फार जवळ थांबला. त्या कोनातून कोणालाच जमला नसता."

ते तुम्ही इतक्या सरळ सांगितलंत की काकांनी मान डोलावली. मी मात्र तुमच्याकडे बघतच राहिले. सगळं तुमच्याच हातात होतं. तुमचा माणूस जिंकवायला एक शब्द पुरला असता, आणि तुम्ही टेबलाशी खोटं बोलला नाहीत. आजही मला त्याचं जेवढं नवल वाटतं तेवढं कशाचंच वाटत नाही. दुसऱ्या दिवशी काका तुम्हाला हाताला धरून खाली कट्ट्यावर घेऊन गेले. मग रोजच नेऊ लागले. तिथे तुम्ही बोलायचात, हसायचात, कोणाच्या घराच्या नकाशावरून वादही घालायचात. हृदयाने दगा दिला त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत तुम्ही कट्ट्यावर होतात.

आई बरी आहे. काकाही आहेत, त्यांना आता ऐकू कमी येतं. हे पत्र कुठे पाठवणार, घडी घालून ठेवून देईन. फक्त एक सांगते. त्या संध्याकाळचे तुमचे दोन्ही आवाज मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात, थोरल्यांचा आणि धाकट्यांचा. पण तुम्ही स्वतःच्या आवाजात मला हाक कशी मारायचात, ते आता आठवत नाही. आईला विचारावंसं वाटतं, पण तिलाही आठवत नसेल या भीतीने विचारत नाही.